रांग ही मोठ्यांची चैन नाही

“आपला पसारा तो केवढा! दिवसाला शे-दोनशे व्यवहार. त्यासाठी मेसेज क्यू आणि ब्रोकर कशाला? एका सिस्टिमने दुसरीला थेट विचारावं, उत्तर घ्यावं, विषय संपला.” वागळे इस्टेट, घोडबंदर रोड, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात छोट्या-मध्यम धंद्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या तोंडी हा युक्तिवाद इतका रुळला आहे की तो आता कुणी तपासूनही पाहत नाही. असं बोलणारे अडाणी नसतात. ते अनुभवी असतात, खर्चाला जपणारे असतात, आणि गरज नसलेलं तंत्रज्ञान गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये ही त्यांची भूमिका मला पूर्ण मान्य आहे. तरीही हा युक्तिवाद चूक आहे. तो व्यवहारांची संख्या मोजतो, आणि इथे मोजायची गोष्ट संख्या नव्हेच. या चुकीची किंमतही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या खिशातून जात नाही. ती खिडकीपुढे ताटकळणारा माणूस मोजतो.

कशी, ते डोंबिवली पूर्वेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अगदी जवळून पाहायला मिळालं. सकाळी सातची वेळ. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं, त्यांत बरेच मधुमेही, बरेच साठीच्या पुढचे. काउंटरवरची मुलगी नाव, वय, तपासण्या भरते आणि ‘सेव्ह’ दाबते. त्या एका बटणामागे सॉफ्टवेअर ओळीने पाच कामं करतं. आधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंद, मग बिलिंगच्या सिस्टिममध्ये बिल, मग ठाण्याच्या मुख्य प्रयोगशाळेला नमुन्याची माहिती, मग ज्या हॉस्पिटलने पेशंट पाठवला त्याच्या सिस्टिमला खबर, आणि सरतेशेवटी पेशंटच्या मोबाइलवर एसएमएस. पाचही ठिकाणांहून उत्तर आल्याशिवाय स्क्रीनवरची चकती थांबत नाही आणि बारकोडचं लेबल छापलं जात नाही. लेबल नाही म्हणजे रक्त काढता येत नाही.

त्या सकाळी एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर अडखळत होता. तो बंद असता तर निदान ताबडतोब एरर आली असती. तो चालू होता, पण प्रत्येक विनंतीला अर्धा-अर्धा मिनिट लावत होता. सुई तयार, ट्यूब तयार, रक्त काढणारा तंत्रज्ञ हातमोजे घालून उभा, आणि सगळं खोळंबलं होतं एका एसएमएससाठी. ज्याला तो एसएमएस जायचा होता तो माणूस तर काउंटरपुढेच उभा होता.

पुढचं नुकसान याहून वाईट होतं. चकती थांबेना म्हणून मुलीने पान रिफ्रेश केलं, माहिती पुन्हा भरली आणि पुन्हा ‘सेव्ह’ दाबलं. पहिली विनंती एसएमएसपाशी अडकली होती खरी, पण वाटेत तिने बिल आधीच बनवलं होतं आणि प्रयोगशाळेलाही कळवलं होतं. दुसरीने तेच सगळं पुन्हा केलं. एका आजोबांच्या नावावर दोन बिलं चढली, आणि ठाण्याच्या यादीत दोन नमुने दिसू लागले. त्यातला एक पोचला, दुसरा कधी पोचणारच नव्हता. संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन आला: “तुमच्याकडून एक सॅम्पल कमी आलंय, शोधा.” जो नमुना घेतलाच नव्हता तो शोधण्यात दोन माणसांची संध्याकाळ गेली.

ही लॅब छोटी आहे. ‘आपला पसारा तो केवढा’ हे वाक्य तिला तंतोतंत लागू पडतं, आणि तिचं सॉफ्टवेअर त्याच वाक्याच्या भरवशावर बांधलेलं होतं.

आता मेसेज क्यू, म्हणजेच निरोपांची रांग, इथे काय करते ते पाहा. नोंदणीची सिस्टिम ‘अमुक पेशंटची नोंद झाली, या तपासण्या आहेत’ एवढा एकच निरोप ब्रोकरकडे देते. ब्रोकर म्हणजे निरोप सांभाळणं आणि पोचवणं एवढंच काम करणारा वेगळा प्रोग्रॅम. तो निरोप डिस्कवर लिहितो आणि ‘मिळाला’ अशी पोच देतो. काउंटरचं काम तिथे संपतं, लेबल छापलं जातं, रक्त काढलं जातं. प्रयोगशाळा, हॉस्पिटल, एसएमएस यांच्यासाठी ब्रोकरकडे वेगवेगळ्या रांगा असतात, आणि त्या निरोपाची एकेक प्रत प्रत्येक रांगेत पडते. ज्याची रांग तो आपल्या सवडीने निरोप उचलतो, काम करतो आणि काम झाल्यावर पोच देतो. ती पोच येईपर्यंत ब्रोकर निरोप टाकून देत नाही. उचलणारा अर्ध्यावरच कोसळला तर तोच निरोप पुन्हा रांगेत येतो. एसएमएसवाला अर्धा मिनिट अडखळला तर एसएमएस अर्धा मिनिट उशिरा जातो. बाकी कुणाला त्याची झळ लागत नाही.

याचा वेगाशी किंवा आकाराशी काहीएक संबंध नाही. एखाद्या कामाची जबाबदारी एका सिस्टिमकडून दुसरीकडे नेमकी कोणत्या क्षणी गेली, आणि ती गेली याचा पुरावा काय, हे रांग ठरवते. थेट कॉलमध्ये तो क्षण अधांतरी असतो. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं, तर समोरच्याने काम केलं की नाही हे विचारणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. आजोबांची दोन बिलं या अधांतरातूनच जन्मली.

संख्येचा मुद्दा आकड्यांनीच खोडतो. पाच सिस्टिम्स आहेत आणि प्रत्येक १०० पैकी ९९ तास चालू असते असं धरू. आपल्याकडचं इंटरनेट, वीज आणि भाड्याचे सर्व्हर पाहता हे बऱ्यापैकी उदार गृहीतक आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास. एकेकटी सिस्टिम त्यातले साधारण ७ तास बंद राहील. पण काउंटरवरचं बटण चालायला पाचही एकाच वेळी चालू हव्या असतील, आणि त्यांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर ०.९९ ला पाचदा गुणावं लागतं. उत्तर येतं ०.९५१. म्हणजे महिन्याला साधारण ३५ तास बटण बंद. या हिशेबात दिवसाला किती पेशंट येतात हा आकडा कुठेही आलेला नाही. दहा आले तरी ३५ तास, दहा हजार आले तरी ३५ तास. फरक एवढाच की दहा हजारवाल्याकडे रात्री जागणारी माणसं पगारावर असतात, आणि दहावाल्याकडे काउंटरवरची एक मुलगी असते. मग रांगेची जास्त गरज कुणाला आहे?

आपल्या भागाला तर याचा वेगळा पुरावा द्यायची गरज पडू नये. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या बिघाडाच्या संदर्भात जी ४०० केव्हीची कळवा–पडघा वाहिनी सगळ्यांच्या तोंडी आली, तिचं एक टोक ठाण्यात आणि दुसरं भिवंडी तालुक्यात. अशा दिवशी एखाद्या छोट्या धंद्याच्या सिस्टिम्स कशा वागतात? एक क्लाउडवर, म्हणून चालू. दुसरी इन्व्हर्टरवर, दोन तासांत मान टाकणारी. तिसरी जनरेटरवर. चौथी अंधारात, आणि वीज आल्यावरही कुणी जाऊन बटण दाबेपर्यंत बंदच. सगळ्या एकाच क्षणी शुद्धीवर असतील असा क्षण त्या दिवसात फार थोडा. थेट कॉलवर उभं सॉफ्टवेअर नेमका तोच क्षण मागतं. रांगेवर उभं सॉफ्टवेअर म्हणतं, ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा त्याने आपले निरोप घ्यावेत.

त्यासाठी निरोप खरोखर डिस्कवर असायला मात्र हवा. रॅबिटएमक्यू या ब्रोकरमध्ये रांग ‘ड्युरेबल’ आहे एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. निरोपही ‘पर्सिस्टंट’ म्हणून पाठवावा लागतो, आणि ब्रोकरने तो लिहून घेतल्याची पोच पाठवणाऱ्याने पाहावी लागते. यातलं एक जरी राहिलं तरी वीज गेल्यावर रांग शिल्लक राहते आणि तिच्यातले निरोप जाऊ शकतात. मग ‘क्यू लावूनसुद्धा डेटा गेला’ अशी तक्रार होते, आणि तीच थेट कॉलच्या बाजूने पुरावा म्हणून फिरू लागते.

दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाच्या नावाने घेतला जातो. “लोकांना लगेच उत्तर लागतं. ‘विनंती स्वीकारली आहे, नंतर कळवू’ हे कुणाला चालणार?” ठाण्याच्या गावदेवी मंडईत भाजीवाल्याकडे क्यूआर स्कॅन करून पैसे देणारा प्रत्येक जण हे रोज चालवून घेतो. यूपीआय २०१६ साली आलं, आणि आपण त्याला ‘लगेच’ होणाऱ्या व्यवहाराचा नमुना मानतो. पण त्याच्या पोटात बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांचं बोलणं असिंक्रोनस आहे. पैसे वळते करण्याची विनंती गेली की समोरून आधी फक्त ‘विनंती मिळाली’ अशी पोच येते. निकाल नंतर, वेगळा निरोप म्हणून येतो. बहुतेक वेळा हे सगळं काही सेकंदांत उरकतं म्हणून आपल्याला जाणवत नाही. जेव्हा उरकत नाही तेव्हा स्क्रीनवर ‘प्रलंबित’ असं येतं, आणि त्या अवस्थेसाठी नियम लिहून ठेवलेले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एका व्यक्तीने दुसरीला यूपीआयने पाठवलेली रक्कम खात्यातून गेली आणि पलीकडे जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या रकमेसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. देशाच्या पैशांच्या व्यवस्थेने ‘निकाल अजून कळलेला नाही’ ही अवस्था मान्य केली, तिला नाव दिलं, मुदत दिली. आपल्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या अवस्थेला जागाच नव्हती. तिथे फिरती चकती होती.

भाजीवाल्याच्या गाड्यावर ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ असं बोलणारा जो छोटा स्पीकर असतो, तो तर याच विषयाचा बोलता पुरावा आहे. अशा स्पीकरांत सर्रास वापरला जाणारा एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल ब्रोकरवरच चालतो. स्पीकर ब्रोकरशी जोडलेला राहतो, आणि त्याच्या नावाचा निरोप आला की बोलतो. दिवसाला पन्नास-शंभर निरोप घेणारा, एका सिमकार्डावर तगून राहणारा तो डबा ‘मोठी सिस्टिम’ म्हणायची का?

मोठेपणाचा हा गैरसमज आला कुठून याचा मी बराच विचार केला आहे, आणि माझ्या मते तो काफ्का या निरोपांच्या सिस्टिममुळे आला. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी काफ्का घडवली आणि २०११ साली ती सगळ्यांसाठी खुली झाली. नारखेडे मूळच्या पुण्याच्या, तिथल्याच पीआयसीटीत शिकलेल्या. पुढे २०१४ मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. काफ्का खरोखरच प्रचंड प्रवाहासाठी बनली. लिंक्डइनवर कोण काय पाहतो, कशावर क्लिक करतो, याचा अखंड ओघ तिला पेलायचा होता. वाचलेला निरोप ती काढून टाकत नाही. ठरलेल्या मुदतीपर्यंत, मुळात सात दिवस, सगळी वही तशीच ठेवते, आणि आपण कुठवर वाचलं याची खूण वाचणारा ठेवतो. ही देखणी रचना आहे, पण रांगेचा हा एक प्रकार झाला. आपल्याकडे बहुतेकांना या विषयाची पहिली ओळख काफ्काच्या नावाने होते, आणि मग प्रत्येक रांग काफ्काच्या मापाने मोजली जाते: तीन सर्व्हर, दोन तज्ज्ञ, महिन्याचं मोठं बिल. एवढं मोठं कपाट आपल्या घरात मावत नाही म्हणून कपडे जमिनीवर ठेवायचे, असला हा निष्कर्ष आहे.

काफ्काच्या आधीचा इतिहास पाहिला तर चित्र उलटं दिसतं. एमक्यूटीटी १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कमचे आर्लेन निपर यांनी लिहिला, तो दूरवरच्या तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी. निरोप चिमुकले होते. उपग्रहाची जोडणी महाग आणि बेभरवशाची होती. अडचण गर्दीची नव्हती, तुटणाऱ्या वाटेची होती. आयबीएमने १९९३ साली एमक्यूसिरीज आणलं ते एकमेकांची भाषा न कळणाऱ्या यंत्रांमध्ये निरोप न हरवता जावा म्हणून. रॅबिटएमक्यू ज्या एएमक्यूपी प्रोटोकॉलवर उभी राहिली, तो २००३ पासून जेपी मॉर्गनच्या जॉन ओ’हारा यांच्या पुढाकाराने आकाराला आला, कारण बँकेच्या आतल्या नाना तऱ्हेच्या सिस्टिम्स जोडायला प्रत्येक विक्रेत्याची वेगळी मिजास सांभाळणं परवडत नव्हतं. त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवे यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्समध्ये ‘द इन्फर्मेशन बस’ उभी केली. एकाने भाव प्रसिद्ध करायचा, ज्याला हवा त्याने त्या विषयाला नाव नोंदवून तो ऐकायचा. वॉल स्ट्रीटवरच्या ट्रेडिंग रूम्स तिच्यावर चालल्या. १९९४ मध्ये रॉयटर्सने ती कंपनी घेतली, आणि पुढे १९९७ मध्ये त्यातून टिबको झाली. या यादीत काफ्का सोडली तर ‘आमचे व्यवहार फार झाले’ ही मूळ प्रेरणा कुणाचीच नाही. वाट तुटते, समोरचा जागेवर नसतो, दोघांची चाल वेगळी असते, या त्यांच्या अडचणी होत्या. डोंबिवलीच्या लॅबची अडचण हीच होती.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. “ब्रोकर म्हणजे आणखी एक सर्व्हर. तोच बसला तर सगळंच बसेल.” बरोबर आहे. एका यंत्रावर ब्रोकर ठेवून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्याने जुन्या पाच दुखण्यांत सहावं घातलं. उत्तराचा एक भाग तांत्रिक आहे. रॅबिटएमक्यूमध्ये ३.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ‘कोरम’ रांगा आहेत. निरोप तीन यंत्रांवर लिहिला जातो, आणि तिघांतले दोघे शाबूत असले तरी काम चालू राहतं. पण छोट्या लॅबला तीन यंत्रं घ्या म्हणणं मलाही पटत नाही. तिच्यासाठी दुसरं उत्तर आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ते असं. पेशंटची नोंद ज्या डेटाबेसमध्ये होते, त्याच डेटाबेसमध्ये ‘पाठवायचे निरोप’ असा एक तक्ता ठेवायचा. नोंद आणि निरोप एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचे, म्हणजे लिहिले तर दोन्ही लिहिले जातील, नाहीतर एकही नाही. एक वेगळा छोटा प्रोग्रॅम त्या तक्त्यातून निरोप उचलून ब्रोकरकडे देत राहील. ब्रोकर बसला तरी निरोप तक्त्यात सुरक्षित असतात, आणि काउंटर चालू राहतं. या धंद्यातले लोक याला आउटबॉक्स म्हणतात.

इथे विरोधक आनंदाने म्हणेल, “मग ब्रोकर तरी कशाला? तक्ताच पुरे, दर मिनिटाला आपोआप चालणारा क्रॉन लावू.” मी म्हणेन, अवश्य. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून ‘स्किप लॉक्ड’ची सोय आहे. दोन कामगार प्रोग्रॅम एकाच तक्त्यातून एकमेकांच्या पायात न येता निरोप उचलू शकतात. शे-दोनशे पेशंटांच्या लॅबला तेवढं बरीच वर्षं पुरेल. मी एखाद्या विशिष्ट ब्रोकरची वकिली करत नाही. पण मग तो तक्ता म्हणजे रांगच आहे हे मान्य करा आणि तिला रांगेसारखं वागवा. आपल्याकडच्या क्रॉनच्या तक्त्यांत मी काय पाहतो? ‘स्टेटस’ नावाचा एक रकाना, त्यात शून्य किंवा एक. काम सुरू झालं आणि अर्ध्यावर मेलं तर कोणता आकडा? कितीदा प्रयत्न करायचा? दहाव्यांदाही जमलं नाही तर कुणाला कळवायचं? एकच निरोप दोनदा गेला तर? या प्रश्नांची उत्तरं तीस वर्षांपूर्वीच्या ब्रोकरमध्येही होती. घरगुती तक्त्यात ती कुणी लिहिलेली नसतात, कारण लिहिणाऱ्याच्या लेखी ती रांग नव्हतीच.

‘दोनदा गेला तर’ हा यातला सगळ्यात कठीण प्रश्न, आणि इथे रांगेचे भक्तही फसतात. समजा प्रयोगशाळेच्या सिस्टिमने निरोप उचलला, नमुना यादीत चढवला, आणि पोच देण्याच्या क्षणी लाइन तुटली. ब्रोकरच्या दृष्टीने काम झालेलं नाही, म्हणून तो निरोप पुन्हा देणार. उलट, पोच आधी घेऊन काम मागाहून करायचं ठरवलं तर मध्ये वीज जाताच निरोप कायमचा जाणार. या कोंडीला बिनचूक तोडगा नाही. बेभरवशाच्या वाटेवर फक्त निरोपांची देवाणघेवाण करून दोन पक्षांची पूर्ण खातरजमा होऊ शकत नाही, हे संगणकशास्त्रात १९७५ सालीच मांडलं गेलं आहे. म्हणून ॲमेझॉनच्या एसक्यूएससारखी सेवासुद्धा तिच्या साध्या रांगेत ‘निदान एकदा पोचेल’ एवढंच वचन देते. दोनदाही पोचू शकेल, हे त्यात गृहीत आहे.

मग दोनदा आलेला निरोप निरुपद्रवी करणं हे घेणाऱ्याचं काम. प्रत्येक नोंदीला काउंटरवरच, ‘सेव्ह’ दाबण्यापूर्वी, एक क्रमांक मिळतो. पान रिफ्रेश केलं तरी तोच राहतो. बिलिंगच्या तक्त्यात त्या क्रमांकावर ‘एकदाच’ अशी अट असते. तोच क्रमांक पुन्हा आला की नवं बिल न करता जुनंच परत द्यायचं. कोडच्या चार ओळी आणि डेटाबेसमध्ये एक युनिक इंडेक्स. त्या असत्या तर आजोबांना दुसरं बिल आलं नसतं. हे काम थेट कॉलमध्येही करावंच लागतं, कारण तिथेही माणूस बटण दुसऱ्यांदा दाबतोच. फरक असा की रांग बसवताना हा प्रश्न पहिल्याच दिवशी टेबलावर येतो. थेट कॉलमध्ये तो गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून येतो.

आणखी एक आक्षेप आहे, तो प्रामाणिक लोक घेतात: रांग अपयश झाकते. कॉल फसला की निदान समोर दिसतं. रांगेत निरोप मुकाट्याने साचत जातात. हा धोका खराच आहे. मिनिटाला १० निरोप येतात आणि ८ च निपटतात असं धरा. तासाला १२० साचतील, चार तासांनी ४८०, आणि तेव्हा रांगेत शिरलेल्या निरोपाला आपली पाळी यायला एक तास लागेल. रांग क्षमतेची कमतरता भरून काढत नाही. ती फक्त थोड्या वेळाची उसळी झेलते. म्हणून सगळ्यात जुना निरोप किती वेळ पडून आहे हा आकडा कुणाच्या तरी डोळ्यांपुढे रोज असला पाहिजे, आणि मर्यादा ओलांडली की त्या माणसाचा फोन वाजला पाहिजे. शिवाय काही निरोपांना आयुष्य असतं. ‘तुमची पाळी आली, आत या’ हा एसएमएस तासाभराने पोचवण्यापेक्षा टाकून दिलेला बरा. ब्रोकरला ती मुदत सांगता येते. सांगायची आठवण मात्र माणसाला राहावी लागते.

जे निरोप कितीही प्रयत्न केले तरी पार पडत नाहीत त्यांचं काय करायचं, यासाठी बऱ्याच ब्रोकरांमध्ये मृत निरोपांच्या वेगळ्या रांगेची सोय असते. चुकीचा मोबाइल नंबर, हॉस्पिटलच्या सिस्टिमला न कळणारा तपासणीचा कोड, असलं सगळं तिथे जमा होतं. इथे आपल्याच शहरांकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्रं आणि संगणकीकृत कारभार फार लवकर, या शतकाच्या सुरुवातीलाच आणला, आणि राज्याने तो नमुना इतर नगरपालिका-महापालिकांसाठी उचलला. त्या केंद्राच्या खिडकीवर अर्ज दिला की क्रमांकासह पावती मिळते, आणि अर्ज पुढे आपापल्या खात्याकडे जातो. अर्जदाराला खात्यातल्या माणसापुढे ताटकळावं लागत नाही. पुढे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर पहिलं अपील, दुसरं अपील, आणि त्यानंतर आयोग. फेटाळायचं असेल तर कारण लेखी द्यायचं. अंमलबजावणीबद्दल प्रत्येकाचा अनुभव वेगळा असेल, पण रचना पूर्ण आहे. पावती आहे, मुदत आहे, आणि अडकलेल्या अर्जाने कुठे जायचं हे लिहिलेलं आहे. जी व्यवस्था जन्मदाखल्याला मिळते, ती रक्ताच्या तपासणीच्या नोंदीला का मिळू नये?

रांग कुठे लावू नये हेही सांगायला हवं. आयसीयूत खाट रिकामी आहे का, गोदामात औषध शिल्लक आहे का, हे विचारायचं असेल तर उत्तर त्याच क्षणी हवं, आणि ते न मिळणं हेही एक उत्तर असतं. तिथे थेट कॉलच योग्य, त्याला दोन-तीन सेकंदांची मर्यादा घालून. लॅबमध्ये पैसे रोख किंवा यूपीआयने तिथल्या तिथे घ्यायचे असतील तर बिलही त्याच दमात व्हायला हवं. ते रांगेत टाकून पेशंटला ‘बिल नंतर’ म्हणता येत नाही. म्हणजे त्या पाच कामांपैकी नोंद आणि बिल ही दोन ताबडतोबीची. प्रयोगशाळा, हॉस्पिटल आणि एसएमएस ही तीन रांगेची. हा निवाडा प्रत्येक कामापुढे वेगळा करावा लागतो. ‘आमच्याकडे सगळं थेट’ आणि ‘आमच्याकडे सगळं क्यूवर’ ही दोन्ही वाक्यं तो निवाडा टाळण्याचीच साधनं आहेत.

खर्चाबद्दल एवढंच सांगतो की रॅबिटएमक्यूला परवान्याचे पैसे लागत नाहीत, लॅबच्या आकाराचं काम ती एका साध्या यंत्रावर करते, आणि तक्त्याची रांग तर आहे त्या डेटाबेसवर चालते. खर्च होतो तो विचाराचा वेळ. कोणतं काम थांबू शकतं, किती वेळ थांबू शकतं, फसलं तर कुणाला कळायचं, हे मालकाबरोबर बसून ठरवायला एखादा पूर्ण दिवस जातो. तो दिवस वाचवण्यासाठीच ‘आपला पसारा तो केवढा’ हे वाक्य वापरलं जातं असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून लॅबच्या, दवाखान्याच्या, पतपेढीच्या, क्लासच्या मालकांना माझी विनंती आहे. सॉफ्टवेअरचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक चाचणी मागा. एसएमएस कंपनीचा पत्ता मुद्दाम चुकीचा टाका, हॉस्पिटलची जोडणी तोडा, आणि काउंटरवर पन्नास नोंदी करा. पन्नासही लेबलं नेहमीच्या वेगाने छापली गेली पाहिजेत. मग पाच नोंदींवर ‘सेव्ह’ दोनदा दाबा आणि निरोप पोचवणारा प्रोग्रॅम मध्येच बंद करून पुन्हा चालू करा. आता पत्ता आणि जोडणी पूर्ववत करा आणि तासाभराने मोजा. बिलं पन्नास हवीत, प्रयोगशाळेच्या यादीत नमुने पन्नास हवेत, पन्नासही पेशंटांना एसएमएस गेलेला हवा, आणि जे गेलं नाही त्याची कारणासह यादी एका पानावर दिसायला हवी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पुरवठादार म्हणाला की एवढ्याशा धंद्याला असली चाचणी लागत नाही, तर त्याला त्या सकाळी काउंटरवर बसणाऱ्या मुलीच्या खुर्चीत बसवा आणि चाचणी त्याच्याच हातून करून घ्या.